हौशी बिनतारी मंडळींची हत्यारपेटी: ती मांडावी कशी व कशासाठीं

रेडिओ हा शब्द उच्चारला कीं बहुतेकांच्या मनांत गाणीं, बातम्या व भाषणें ऐकविणारी पेटी उभी राहते. परंतु ज्यांस हौशी बिनतारी मंडळी असें म्हणतात त्यांचा रेडिओ निराळा. हे लोक नुसतें ऐकत नाहींत. सरकारी परवाना घेऊन स्वतःहि संदेश पाठवितात, आणि तेंहि द्रव्यप्राप्तीसाठीं नव्हे, तर केवळ विद्येच्या व स्नेहाच्या ओढीनें. पूर्वीं त्यांचें संभाषण मोर्सच्या कट्ट-कडकट्टानें किंवा प्रत्यक्ष आवाजानें चाले. आज त्यांतील फार मोठा भाग संगणकाच्या साहाय्यानें चालतो. ज्याच्यापाशीं तसा ग्राहक रेडिओ असेल त्यानें १४.०७४ मेगाहर्ट्झवर कांटा लावून ऐकावें. माणसाचा आवाज तेथें नाहीं. एकाच वेळीं पुष्कळ बारीक शिट्ट्या चाललेल्या असतात, व त्या सर्व पंधरा सेकंदांच्या ठेक्यावर सुरू होतात आणि थांबतात. त्यांतील प्रत्येक शिटी म्हणजे एका माणसानें दुसऱ्यास दिलेली हांक आहे. त्या हांकेचा अर्थ लावणारा प्रोग्रॅम कसा बांधावा, व तो बांधण्याची हत्यारपेटी आपल्या संगणकावर कशी मांडावी, हा या लेखाचा विषय आहे.

या पद्धतीस एफटी८ असें नांव आहे. एफ म्हणजे स्टीव्ह फ्रँके, टी म्हणजे जोसेफ टेलर, आणि आठ हा आकडा तींत वापरल्या जाणाऱ्या आठ स्वरांचा. यांपैकीं टेलर हे मूळचे ज्योतिःशास्त्रज्ञ. पुढें ते अमेरिकेंतील प्रिन्स्टन विद्यापीठांत अध्यापक झाले. १९७४ सालीं त्यांनीं व त्यांचे विद्यार्थी रसेल हल्स यांनीं दुसऱ्या ताऱ्याच्या जोडीनें फिरणाऱ्या एका स्पंदकाचा शोध लाविला, आणि त्याबद्दल १९९३ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळालें. स्पंदक म्हणजे स्वतःभोवतीं अति वेगानें फिरणारा व ठराविक ठेक्यानें रेडिओलहरी पाठविणारा मृत तारा. हा ठोका इतका क्षीण असतो कीं आकाशाच्या व यंत्राच्या खरखरींत तो पार बुडून जातो. आपल्या नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्यांची जी प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे तिच्या कामांपैकीं एक काम हेंच: खरखरींतून ठोका वेचणें. टेलर हे तरुणपणापासून हौशी बिनतारीवाले. खरखरींतून ठोका वेचण्याची ही विद्या त्यांनीं आपल्या छंदांत आणिली. २००१ सालीं त्यांनीं उल्कांच्या शेपटीवरून परावर्तित होणाऱ्या क्षणिक संदेशांसाठीं एक प्रोग्रॅम लोकांस दिला; पुढें चंद्रावर लहरी आपटून त्यांचा प्रतिध्वनि ऐकण्याच्या पद्धति आल्या; आणि २०१७ सालीं एफटी८ आली. या बहुतेक पद्धति आतां डब्ल्यूएसजेटी-एक्स नांवाच्या एकाच प्रोग्रॅमांत आहेत. हा प्रोग्रॅम व त्याच्या जातीचे इतर प्रोग्रॅम विंडोज संगणकावर बांधण्यासाठीं लागणारीं सर्व हत्यारें एकत्र करून कांहीं हौशी मंडळींनींच जी पेटी सिद्ध केली तिचें नांव जेटीएसडीके. यांतील शेवटचीं तीन अक्षरें म्हणजे सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट किट. साध्या मराठींत, प्रोग्रॅम घडविणाऱ्याची हत्यारपेटी.

तयार प्रोग्रॅम फुकट मिळत असतां एवढा खटाटोप कशासाठीं, असें पालक विचारतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. तयार प्रोग्रॅम पांच मिनिटांत बसतो. पेटी मांडण्यांत एक-दोन सुटीचे दिवस सहज जातील. आमचें उत्तर असें आहे. हौशी बिनतारी मंडळींत नोंदवहीस फार मान असतो. अमुक दिवशीं, अमुक वेळीं, अमुक स्थानकाचा संदेश मला ऐकूं आला, ही नोंद म्हणजे एक प्रकारची साक्षच होय. मोर्सच्या काळीं ती साक्ष कानाची होती. आतां संगणकाच्या पडद्यावर एक ओळ उमटते व आपण तिच्यावर विसंबून नोंद करतों. ती ओळ खरोखर आकाशांतून आली, कीं यंत्रानें अंदाजानें जुळविली? हा प्रश्न पोकळ नाहीं. कारण हा प्रोग्रॅम कांहीं प्रसंगीं अंदाजाचा आधार घेतोच, व त्याचे कर्ते तें लपवीतहि नाहींत. तो आधार कोठें, किती व कोणत्या मर्यादेंत घेतला आहे हें जाणावयाचें तर प्रोग्रॅम उघडून पाहिला पाहिजे. आणि त्याची कसोटी घ्यावयाची तर तो आपल्या हातानें बांधतां आला पाहिजे. सुदैवानें या प्रोग्रॅमचा सोर्स कोड, म्हणजे त्याच्या कर्त्यांनीं लिहिलेला मूळ लेख, कोणासहि वाचावयास, बदलावयास व बांधावयास मोकळा आहे. ज्या सनदेखालीं तो दिला आहे ती जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स हिची अट एवढीच कीं जो कोणी आपला बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्यास देईल त्यानें त्याचा सोर्स कोडहि त्यास दिला पाहिजे.

आतां पेटींत काय काय असतें तें पाहूं. प्रोग्रॅम बांधण्यास घर बांधण्याची उपमा देण्याचा प्रघात आहे. आम्हांस छापखान्याची उपमा अधिक जुळते असें वाटतें. छापखान्यांत निरनिराळ्या घरांतून खिळे उचलून मजकूर जुळवितात. ते सर्व खिळे एकाच उंचीचे असले तरच ठसा नीट उठतो. एक खिळा उंच व दुसरा बुटका असला तर दोन्ही स्वतःपुरते उत्तम असूनहि पान बिघडतें. या पेटीचें सारें मर्म त्यांत आहे. तींतील कोणतेंहि एक हत्यार बसविणें कठीण नाहीं. सर्व हत्यारें एकमेकांशीं जुळणारीं असणें हेंच कठीण.

पहिलें हत्यार कंपायलर. मनुष्यानें लिहिलेली प्रोग्रॅमची भाषा यंत्राच्या भाषेंत उतरविणारा हा दुभाषी होय. येथें सी, सी-प्लस-प्लस व फोर्ट्रान या तीन भाषांचे दुभाषी लागतात. फोर्ट्रान हें नांव ऐकून कित्येक जाणते लोकहि हंसतात, कारण ती भाषा १९५७ सालची. आयबीएम कंपनींत जॉन बॅकस यांच्या मंडळीनें ती प्रचारांत आणिली. परंतु गणिताच्या अवजड कामांत ती अजून थकलेली नाहीं, आणि या प्रोग्रॅमांतील खरखरीशीं झगडणारा भाग मुख्यतः फोर्ट्रानमध्येंच लिहिलेला आहे. पडद्यावरील खिडक्या, बटणें व आवाजाची ये-जा सी-प्लस-प्लस भाषेंत असून तिच्या मदतीस क्यूटी नांवाचा ग्रंथसंग्रह आहे. प्रोग्रॅमवाले ज्यास लायब्ररी म्हणतात ती हीच: दुसऱ्यांनीं लिहून ठेवलेलें, आपणांस आयतें वापरतां येणारें काम.

दुसरी लायब्ररी एफएफटीडब्ल्यू. आवाजांत कोणकोणते स्वर किती प्रमाणांत मिसळले आहेत हें काढण्याचें जें फूरिए यांचें गणित, तें ही अतिशय जलद करते. हिच्या नांवाचा अर्थ पाश्चात्त्यांतील सर्वांत जलद फूरिए रूपांतर असा थट्टेचा आहे, पण काम थट्टेचें नाहीं. तिसरी बूस्ट, सी-प्लस-प्लस लिहिणाऱ्यांच्या किरकोळ व मोठ्या गरजा भागविणारें तें एक मोठें कोठार आहे. चौथी हॅमलिब. निरनिराळ्या कंपन्यांचे रेडिओ संच संगणकाशीं निरनिराळ्या बोलींत बोलतात. त्या सर्व बोली हॅमलिबला येतात, म्हणून प्रोग्रॅमनें एकट्या हॅमलिबशीं बोललें कीं पुरे होतें. याखेरीज दोन हत्यारें देखरेखीचीं. गिट हें सोर्स कोडच्या प्रत्येक बदलाची तारीखवार खातेवही ठेवतें व मूळ भांडारांतून आपणांस प्रत आणून देतें. सीमेक हा मुकादम. कोणतें हत्यार कोठें आहे तें शोधून, कोणाचें काम आधीं व कोणाचें मागून, याचा तो आराखडा आंखून देतो.

ज्यांस निवड करतां येईल त्यांनीं लिनक्सवर आरंभ करावा असें आमचें मत आहे. डेबियन किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत कंपायलर, सीमेक, गिट, क्यूटी, एफएफटीडब्ल्यू व बूस्ट हीं सर्व एकाच कोठारांतून, एकमेकांशीं जुळतील अशींच मिळतात. येथें नवशिक्यास अडविणारी एक गोष्ट सांगून ठेवतों. प्रत्येक लायब्ररी दोन भागांत मिळते. एक भाग प्रोग्रॅम चालविण्यापुरता. दुसऱ्याच्या नांवाच्या शेवटीं 'डेव्ह' अशीं अक्षरें असतात व तो बांधण्यासाठीं लागतो. पहिला भाग संगणकावर आधींच असतो, आणि विद्यार्थ्यास वाटतें कीं लायब्ररी तर आहे, मग मुकादम ती नाहीं असें कां म्हणतो? तो खोटें सांगत नसतो. त्यास दुसरा भाग हवा असतो.

हॅमलिब मात्र निराळी बांधून घ्यावी, व तीहि आधीं. नवे रेडिओ संच व जुन्या संचांतील दुरुस्त्या तींत वरचेवर येत असल्यामुळें ती ताजी असणें हिताचें. आपल्या घरच्या फोल्डरांत तिच्यासाठीं एक स्वतंत्र फोल्डर करून तिचा सोर्स एकीकडे व बांधकाम दुसरीकडे ठेवावें, आणि सिद्ध झालेली लायब्ररी त्याच फोल्डरांत बसवावी. संगणकाच्या सामाईक जागेंत नको. मग डब्ल्यूएसजेटी-एक्सचा सोर्स कोड सोर्सफोर्ज येथील भांडारांतून आणावा, सीमेकला आपल्या हॅमलिबचा पत्ता द्यावा, आराखडा करवून घ्यावा, बांधकामाचा हुकूम सोडावा. या आज्ञा रोमन अक्षरांत जशाच्या तशा द्याव्या लागतात, व त्या सोर्सबरोबर येणाऱ्या 'इन्स्टॉल' नांवाच्या फाइलींत अनुक्रमानें छापलेल्या आहेत. त्या पाहूनच द्याव्या. आज्ञा मुखोद्गत करण्यांत कांहीं अर्थ नाहीं. कोणती आज्ञा कोणत्या मुकादमास जाते एवढें ध्यानांत राहिलें म्हणजे झालें.

विंडोजवर काम थोडें दांडगें आहे, कारण तेथें असें जुळलेलें कोठार मुळांत नसतें. जेटीएसडीके तें तयार करते. तिचा क्रम असा. प्रथम पेटीचा पाया सी ड्राइव्हच्या मुळाशींच बसवावा. मग क्यूटी बसवावें, व त्याबरोबर येणारा मिनजीडब्ल्यू नांवाचा कंपायलर घ्यावा. त्यानंतर त्याच कंपायलरनें बूस्ट बांधावी. या कामास मंद संगणकावर फारच वेळ लागतो, तेव्हां तें रात्रीच्या जेवणाच्या सुमारास लावून द्यावें हें बरें. मग एमसिस२ नांवाच्या, लिनक्ससारख्या वातावरणांत हॅमलिब बांधावी, आणि सर्वांच्या शेवटीं डब्ल्यूएसजेटी-एक्स. याच पेटींतून जेटीडीएक्स व जेएस८कॉल हे त्याच वंशांतील प्रोग्रॅमहि बांधतां येतात.

येथें 'त्याच कंपायलरनें' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले आहेत. बूस्ट एका कंपायलरनें बांधलेली व क्यूटी दुसऱ्यानें, किंवा एक ३२ बिटांची व दुसरी ६४ बिटांची, असें झालें तर दोन्ही निर्दोष असूनहि शेवटच्या जोडणीच्या वेळीं एकमेकींस ओळखत नाहींत. हाच तो उंच-बुटक्या खिळ्यांचा प्रकार. म्हणून अमक्याची ताजी आवृत्ति निघाली आहे असें ऐकून पेटींतील एकच हत्यार बदलूं नये. बदलावयाचें तर पेटीच्या कर्त्यांनीं एकत्र तपासून दिलेला संच बदलावा. ताजेपणाच्या हव्यासानें जितक्या पेट्या मोडतात तितक्या अज्ञानानेंहि मोडत नसतील.

दोष आला तर काय करावें? बांधकाम थांबतें तेव्हां पडद्यावर शेंकडों ओळी वाहून जातात, व विद्यार्थी शेवटची ओळ वाचून हताश होतो. शेवटच्या ओळींत बहुधा फक्त काम थांबल्याचें वृत्त असतें. खरें कारण पहिल्या दोषाच्या ओळींत असतें. वर सरकत जाऊन ती शोधावी. एफएफटीडब्ल्यू सांपडत नाहीं अशी तक्रार आली तर तिचा एकेरी अचूकतेचा प्रकार बसविला आहे कीं नाहीं तें पाहावें. ही लायब्ररी एकेरी व दुहेरी अशा दोन अचूकतांत मिळते, आणि या प्रोग्रॅमला एकेरी लागते. फोल्डरांच्या नांवांत मोकळी जागा ठेवूं नये, व विंडोजवर देवनागरी अक्षरेंहि ठेवूं नयेत. जुनीं हत्यारें त्या नांवांशीं अडखळतात. आपली लिपि मागें पडावी हें आम्हांस रुचतें असें नाहीं, परंतु येथें हट्ट धरण्यांत रात्र वायां जाईल. आणखी एक गोष्ट. सीमेक पूर्वीं काढलेले निष्कर्ष टिपून ठेवतो. म्हणून उणी लायब्ररी बसविल्यावरहि तो जुनेंच रडगाणें गातो असें दिसलें तर बांधकामाचा फोल्डर निःशंकपणें पुसून नव्यानें आराखडा करवावा. सोर्स निराळ्या फोल्डरांत असल्यामुळें त्यास धक्का लागत नाहीं. दोन्ही वेगळे ठेवावयास आधीं सांगितलें तें याचसाठीं.

बांधकाम सिद्ध झालें कीं मुख्य प्रोग्रॅमबरोबर कांहीं छोटे प्रोग्रॅमहि तयार होतात. त्यांस खिडक्या नाहींत, बटणें नाहींत. आज्ञेच्या ओळीवरच ते चालतात, व म्हणून पुष्कळांचें त्यांकडे लक्ष जात नाहीं. आमच्या दृष्टीनें खरा लाभ येथेंच आहे. कारण यांच्या योगानें रेडिओ नसतां, तार नसतां व परवानाहि नसतां वर्गांत बसून प्रयोग करतां येतो.

यांतील एफटी८कोड या प्रोग्रॅमला एक संदेश द्यावा. संदेशाच्या नमुन्यांत नेहमीं वापरतात तीं के१एबीसी व डब्ल्यू९एक्सवायझेड हीं दोन कॉलसाइन, म्हणजे स्थानकांचीं नांवें, घ्यावीं आणि शेवटीं ईएन३७ हा जागेचा चौकोन लिहावा. प्रोग्रॅम त्याचे ७७ बिट छापून दाखवितो. ७७ कां? प्रत्येक कॉलसाइनला २८ याप्रमाणें ५६, चौकोनाला १५, संदेशाचा प्रकार सांगण्यास ३ आणि किरकोळ खुणांचे ३. हे आकडे वाटेल तसे निवडलेले नाहींत. पृथ्वीचे पूर्व-पश्चिम १८ व दक्षिणोत्तर १८ भाग, प्रत्येकाचे पुन्हां दहा-दहा भाग; म्हणजे १८ × १८ × १० × १० = ३२,४०० चौकोन झाले. आणि १५ बिटांत ३२,७६८ निरनिराळ्या संख्या मावतात. पुणें शहर यांतील एमके६८ या चौकोनांत येतें. रेखांश व अक्षांश घेऊन विद्यार्थ्यांनीं तें स्वतः काढून पाहावें. रेखांशांत १८० मिळवून २० नें भागावें, अक्षांशांत ९० मिळवून १० नें भागावें, व ए हें अक्षर शून्य धरावें. मग बाकी घ्यावी: रेखांशाच्या बाकीस २ नें भागून येणारा पूर्णांक हा पहिला अंक, व अक्षांशाच्या बाकींतील पूर्णांक हा दुसरा.

कॉलसाइनचें गणित याहून सुंदर आहे. पहिल्या जागीं ३७ चिन्हें, दुसऱ्या जागीं ३६, तिसऱ्या जागीं दहा अंक, पुढील तीन जागीं प्रत्येकीं २७. गुणाकार २६,२१,७७,५६०. आणि २८ बिटांत संख्या मावतात २६,८४,३५,४५६. उरल्या ६२,५७,८९६. त्या कोठें गेल्या? सोर्स कोडमध्यें संदेश बांधण्याची जी फोर्ट्रान फाइल आहे ती उघडावी. तींत दोन संख्या लिहिलेल्या दिसतात: २०,६३,५९२ व ४१,९४,३०४. पहिली 'सर्वांस हांक' यासारख्या ठराविक शब्दांसाठीं राखलेली, दुसरी या सांच्यांत न बसणाऱ्या लांबलचक कॉलसाइनच्या संक्षिप्त खुणांसाठीं. दोहोंची बेरीज करून पाहा. एकहि संख्या वायां गेलेली नाहीं. तयार प्रोग्रॅम वापरणाऱ्यास ही काटकसर कधींहि दिसणार नाहीं.

७७ बिटांस पुढें १४ बिट पडताळ्याचे व ८३ बिट दुरुस्तीचे जोडतात, एकूण १७४. आठ स्वरांपैकीं एक स्वर तीन बिट वाहतो, म्हणून ५८ स्वर लागले. त्यांच्या आरंभीं, मध्यें व शेवटीं ३, १, ४, ०, ६, ५, २ हा सात स्वरांचा ठराविक मोहरा असतो, ज्यावरून ऐकणारा वेळ व जागा जुळवितो. असे ७९ स्वर, प्रत्येक ०.१६ सेकंदाचा, सर्व मिळून १२.६४ सेकंद. पंधरा सेकंदांतील उरलेला वेळ ऐकणाऱ्या संगणकास विचार करण्यासाठीं.

आतां एफटी८सिम या दुसऱ्या प्रोग्रॅमला तोच संदेश देऊन, हवी तेवढी खरखर मिसळलेल्या ध्वनीच्या फाइली करावयास सांगावें, व त्या जेटी९ या तिसऱ्या प्रोग्रॅमला ऐकवाव्या. खरखरीचें प्रमाण डेसिबलमध्यें द्यावयाचें असतें. उणे १५ वर दहा फाइली, उणे १८ वर दहा, उणे २१ वर दहा, उणे २४ वर दहा. किती उलगडल्या तें वहींत मांडावें. उणे १५ पाशीं बहुतेक सर्व, उणे २१ च्या आसपास सुमारें निम्म्या, आणि पुढें झपाट्यानें शून्य, असें आढळेल. उणे २१ म्हणजे खरखरीची शक्ति संदेशाच्या १२६ पट! हें ऐकून आश्चर्य वाटतें, व पुष्कळ लेखक येथेंच थांबतात. पण ही खरखर २५०० हर्ट्झ रुंद पट्ट्यांत मोजलेली असते, आणि एफटी८चा संदेश फक्त ५० हर्ट्झ व्यापतो. तेवढ्याच पट्ट्यांतील खरखर पन्नासाव्या हिश्श्यानें धरली तर ती संदेशाच्या अडीच पट भरते. अडीच पट खरखरींतून निर्दोष संदेश काढणें हेंहि थोर काम आहे. पण तें १२६ पट नव्हे. मोजमाप कोणत्या पट्ट्यांत केलें हें विचारल्यावांचून डेसिबलच्या आकड्यानें दिपून जाऊं नये.

आतां त्या अंदाजाच्या प्रश्नाकडे येऊं. १४ पडताळा-बिट असल्यामुळें निव्वळ खरखरींतून जुळलेला एखादा खोटा संदेश १६,३८४ वेळांत सरासरी एकदां पडताळ्यांतून निसटूं शकतो. हें प्रमाण अल्प वाटतें. पण प्रोग्रॅम दर पंधरा सेकंदांस अनेक जागीं अनेक प्रयत्न करीत असतो, व म्हणून क्वचित् कोणत्याहि देशांत नसलेलें विचित्र कॉलसाइन पडद्यावर उमटतें. तें ओळखणें सोपें. अवघड प्रकार दुसरा. माझें कॉलसाइन प्रोग्रॅमला ठाऊक आहे. ज्याच्याशीं माझें संभाषण चालू आहे त्याचेंहि ठाऊक आहे. संदेश साध्या रीतीनें उलगडला नाहीं, तर प्रोग्रॅम असें समजून पाहतो कीं यांतील २८ बिट माझ्या नांवाचे आहेत. तेवढ्यानें न भागलें तर आणखी २८ समोरच्याच्या नांवाचे आहेत. आणि शेवटीं असेंहि कीं तो 'पोंचलें' किंवा निरोपाचा शब्दच म्हणत आहे. या शेवटच्या पायरीवर सर्वच्या सर्व ७७ बिट आधीं गृहीत धरलेले असतात. मग आकाशांतून आलें तें काय? एवढेंच कीं जें आलें तें गृहीताशीं पुरेसें जुळलें. अशा ओळीपुढें प्रोग्रॅम 'ए' हें अक्षर व पायरीचा अंक छापतो, आणि भरंवसा कमी असला तर प्रश्नचिन्हहि. पडद्यावर तें बारीक दिसतें, व घाईंत कोणी पाहत नाहीं.

आमच्या मतें यांत लबाडी नाहीं. गर्दींत कोणी आपलें नांव घेतलें तर तें आपणांस अर्धवट ऐकूनहि कळतें. कानहि अपेक्षेनेंच ऐकतो. परंतु नोंदवहींत काय लिहावें हें ठरविणारानें ती पायरी पाहिली पाहिजे. येथेंहि कसोटी आपल्या हातीं आहे. एफटी८सिमकडून उणे ४० च्या, म्हणजे संदेश जवळजवळ नसलेल्या फाइली शेंकड्यांनीं करवून घ्याव्या, जेटी९ला स्वतःचें व समोरच्याचें कॉलसाइन सांगण्याची जी सोय आहे ती वापरून त्या ऐकवाव्या, आणि किती वेळां नसलेला संदेश ऐकूं आला तें मोजावें. नंतर कॉलसाइन न सांगतां त्याच फाइली पुन्हां ऐकवाव्या. दोन रकान्यांतील फरक हीच त्या अंदाजाची किंमत. उलट बाजूहि मोजावी, म्हणजे अंदाजामुळें उणे २२ किंवा २३ पाशीं किती खरे संदेश अधिक मिळाले तें. विज्ञानमंडळाच्या चार विद्यार्थ्यांनीं वांटून घेतलें तर हें काम एका आठवड्याचें आहे, व त्यास खर्च विजेचा तेवढा.

प्रत्यक्ष आकाश ऐकावयाचें झालें तर मग ग्राहक रेडिओ, एक लांब तार व संगणकाचें घड्याळ खऱ्या वेळेच्या एका सेकंदाच्या आंत राखणें, एवढीं साधनें लागतील. घड्याळ चुकलें तर उत्तम पेटीहि बहिरी ठरते. संदेश पाठविणें ही बाब वेगळी. त्यासाठीं परीक्षा देऊन सरकारी परवाना व आपलें कॉलसाइन मिळवावें लागतें, व तोंपर्यंत पाठविण्याच्या बटणास हात लावूं नये. आपल्या देशांतील हौशी स्थानकांचीं कॉलसाइन बहुधा व्हीयू या अक्षरांनीं सुरू होतात. तीं वर सांगितलेल्या २८ बिटांत कशीं बसतात तें एफटी८कोडला अशा धर्तीचें एखादें काल्पनिक नांव देऊन आधींच पाहतां येईल.